नजरेच्या मापाची सायकल: पांढुर्णा, सौंसर, लोधीखेडा

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना दिलीप मास्तर ठाऊक आहेत. नव्यांसाठी सांगतो. दिलीप माझा साळा, माझ्या बायकोचा, म्हणजे सुनंदाचा, धाकटा भाऊ. सौंसरला शाळेत गणित शिकवतो. मी पांढुर्ण्याचा, धंदा संत्र्याचा. डॉक्टरनं शुगर सांगितली तेव्हा उतारवयात मी गिअरची सायकल धरली, ती मास्तरच्याच नादानं. त्याला स्वतःला मात्र ट्रायथलॉनचं वेड. आधी पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, आणि सायकल टाकून पळत सुटायचं. लहान अंतराच्या शर्यती त्यानं जुन्या साध्या सायकलवर पार केल्या आहेत. मोठ्या अंतराची एक राहिली आहे, आणि ती या हंगामात करायची असं त्यानं ठरवलं होतं.

यंदा तो असा काही सुटला होता की विचारू नका. रविवारी आम्ही सोबत निघायचो आणि पहिल्या चढालाच मला त्याची फक्त पाठ दिसायची. तेव्हाच मी मनात घेतलं की याला शर्यतीची खरी सायकल द्यायची, याच्या अंगाच्या मापाची, आणि न सांगता द्यायची.

कारण सांगतो. माझं लग्न झालं तेव्हा माझ्याकडं दोन टोपल्या होत्या आणि पायात वहाण. हा कॉलेजात होता. एका सकाळी त्याची सायकल माझ्या दारात उभी. म्हणाला, "भाऊजी, मले जरा चालायची सवय करायची आहे. हे तुम्ही ठेवा." दोन वर्षं हा पायी कॉलेजात गेला. माझ्या टोपल्या त्या सायकलवर गावोगाव फिरल्या, आणि आज दोन पिकअप दारात उभ्या आहेत त्या तिथून.

नागपुरात एक बाई मापाच्या फ्रेमा बनवतात. नाव लिहू नका म्हणाल्या, हातात आधीच काम फार आहे. आपण त्यांना मॅडम म्हणू. शर्यतीची सायकल घ्यायचा कोणाचा विचार असेल तर त्यांच्याकडून जे ऐकलं ते थोडक्यात सांगतो. ट्रायथलॉनच्या सायकलची सीट पुढं सरकलेली असते, म्हणजे नंतर पळायला लागणाऱ्या मांड्या थोड्या शिलकीत राहतात. हँडलवर दोन गाद्या असतात, त्यांवर कोपरं टेकवायची. पुढं दोन शिंगं निघतात, ती मुठीत धरायची आणि वाऱ्याखालून वाकून जायचं. गिअर शिंगांच्या टोकाला असतात. उजव्या हाताला मागचे गिअर. डाव्याला पुढच्या दोन चकत्या, मोठी सपाटीला, लहान चढाला. ब्रेक बाजूच्या मुठींवर: उजवा पुढच्या चाकाचा, डावा मागच्याचा. आमच्याकडचे रस्ते ऐकून मॅडमनी टायर जरा जाड सुचवले आणि फ्रेम धातूची. कार्बनची गोष्ट मी काढली तर म्हणाल्या, "काका, कापसाच्या ट्रॅक्टरमागं चालवायची आहे ना? मग धातूच."

गिअर बटनाचे, म्हणजे बॅटरीवर चालणारे घ्यायचे का असंही त्यांनी विचारलं. मी तारेचे सांगितले. बॅटरी उतरली तर लोधीखेड्यात कोण भरून देणार?

मग म्हणाल्या, "आता माणूस आणा."

"माणसाला सांगायचं नाही. माप मी देतो."

"तुम्ही?"

मी त्यांना आमचा धंदा समजावला. आमच्याकडं संत्र्याचा बगीचा डोळ्यानं घेतात. झाडांमधून एक चक्कर मारायची, चार फांद्यांखाली वाकून पाहायचं, आणि आकडा बोलायचा. तोडणी नंतर होते, पण शब्द त्याच दिवशी द्यावा लागतो. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून मी सांगतो किती गाड्या माल निघेल, आणि तेवढ्याच निघतात. एका माणसाचे हात-पाय त्यापुढं काय मोठे?

"बगीच्याला सायकलवर बसायचं नसतं, काका," त्या म्हणाल्या. "त्याला चालवताना पाहिलंय ना नीट?"

"दर रविवारी. त्याच्या मागंच तर असतो मी."

पायाचं माप म्हणून मास्तरची एक जुनी पँट मी सुनंदाकडून मिळवली होती. बाकी छाती, खांदा, दंड, हात, सगळं डोळे मिटून सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं, पण तोंड वाकडं करून.

सायकल तयार झाली ती या थंडीत. आणायला मी रेल्वेनं गेलो. नागपूरहून पांढुर्ण्याला यायला गाड्या पुष्कळ आहेत, पण सायकल सोबत असेल तर चाकं काढून पिशवीत घाला आणि गर्दी नसलेली पॅसेंजर बघा. माझ्या डब्यात दोन बाया त्या पिशवीकडं बराच वेळ पाहत होत्या. शेवटी एकीनं दुसरीला हळूच सांगितलं, "पलंग असन वं, घडीचा."

मास्तरला मी शनिवारी संध्याकाळी जेवायला बोलावलं होतं. अंगणात सायकल उभी केली, वर सुनंदाची जुनी साडी टाकली आणि त्यालाच काढायला लावली. राखाडी रंगाची, कुठं नाव नाही, स्टिकर नाही.  त्यानं उजवा हात सीटपासून शिंगापर्यंत फिरवला. डावा जॅकेटच्या खिशातच होता. थंडी होती, मला काही वाटलं नाही.

"काहून केलं जी भाऊजी हे?" तो म्हणाला.

"तुला चालायची सवय झाली असन आता. म्हटलं, बसावं जरा."

तो हसला. मग वाकून शिंगांची टोकं पाहिली आणि विचारलं, "याचे गिअर बटनाचे नसतात का?"

"असतात. मी नाही घेतले."

"हं," म्हणाला. "चांगलं केलं."

सायकल भिंतीशी टेकवून त्याला वर बसवलं. कोपरं गाद्यांवर अशी पडली जशी तिथंच वाढली होती. पाठ सपाट, गुडघा बरोबर. मॅडमना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "नशीब तुमचं, काका." मी सुनंदाला म्हटलं, नशीब काय, नजर आहे. त्या रात्री मी फार खूश होतो.

रविवारी सकाळी निघालो. बेत असा: पांढुर्णा ते सौंसर, तिथं नाश्ता, मग नागपूरच्या हमरस्त्यानं बोरगाव, आत वळून लोधीखेडा, आणि परत सौंसरला मास्तरच्या घरी जेवण. पांढुर्ण्याहून सौंसर पन्नास किलोमीटरच्या आतच आहे, पण रस्ता सारखा वर-खाली होतो. कधी नव्यानं जाणार असाल तर उजाडल्याबरोबर निघा. नंतर कापसाच्या गाड्या सुरू होतात आणि त्यांच्या बाजूनं जागा मिळत नाही. आभाळ आदल्या दिवसापासून भरून आलं होतं. अशा दिवसात आमच्याकडं कोणी फार बोलत नाही. कापूस फुटून उभा असतो, ढग बघून बायका भराभर वेचत असतात. दोन्हीकडं संत्र्याचे बगीचे, पण उजेड असा मळका की फळं पिवळी न दिसता राखेतल्या बटाट्यासारखी दिसत होती.

मास्तर पुढं, मी मागं. माझे डोळे आता चाळिशीवर चालतात, पण कान अजून ताजे आहेत. नव्या सायकलचा आवाज मला पाठ करायचा होता. मागचे गिअर पडत होते ते ऐकू येत होतं, बारीक, एकामागून एक. पण चढाला साखळी मोठ्या चकतीवरून लहानीवर उतरते तेव्हा जो एक खट्ट आवाज येतो, तो येईना. पहिल्या चढाला आला नाही. दुसऱ्याला आला नाही. मास्तर मोठ्याच चकतीवर, उभा राहून, सगळं अंग टाकून चढत होता. मला वाटलं, जोर दाखवून राहिला भाऊजीला.

वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो. तिथं तिघं-चौघं सायकलभोवती जमले.

"मास्तर, याले ब्रेक कुठी आहे? हे तर बैलाचे शिंगं दिसून राहिले."

"अन् डोक्यात हे टोपलं काहून?" दुसरा म्हणाला. "गोटमारीत तर एवढे दगड पडत, तरी उघड्या डोक्यानं जात होता तू."

"तेव्हा डोक्यात काही नव्हतं, म्हणून," मास्तर म्हणाला, आणि सगळे हसले. मास्तरनं चहाचा ग्लास उजव्या हातानं घेतला, तो बाकावर ठेवला, त्याच हातानं बिस्कीट घेतलं, ते संपवलं, मग परत ग्लास उचलला. मी हे पाहिलं. आज लिहिताना आठवतं आहे म्हणजे पाहिलंच असणार.

पुढं जामसावळीचा मारुती लागतो. पिंपळाखाली आडवा पहुडलेला देव आहे, लांबून लोक येतात, बरेच जण घरच्या आजारी माणसाला घेऊन. रविवारी गर्दी असते. सायकल घेऊन आत जाता येत नाही, बाहेर कोणाला तरी उभं राहावं लागतं. मास्तर देवाचा फारसा नाही. नेहमी रस्त्यावरूनच मान तुकवतो आणि म्हणतो, तो झोपला आहे, उठवू नका. त्या दिवशी त्यानं सायकल माझ्याकडं दिली आणि आत गेला. चांगला उशीर लावला. मी दोन सायकली धरून उभा. समोर एक म्हातारी तिच्या तरण्या पोराचा पाय दोन्ही हातांनी उचलून पुढच्या पायरीवर ठेवत होती, मग दुसरा. मास्तर बाहेर आला तेव्हा त्यानं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"काय मागितलं बे?" मी विचारलं.

"पोरं पास होऊ दे म्हटलं."

सौंसरला बसस्टँडजवळ तर्री-पोहे खाल्ले. तर्री मागून घ्या, फुकट वाढतात आणि नाकातून पाणी काढते. दोघांचा नाश्ता नागपूरच्या एका कॉफीपेक्षा कमी पैशांत झाला. तिथून हमरस्ता रुंद आहे, कडेनं सायकलला जागा आहे, बोरगावच्या कारखान्यांच्या ट्रकांचा तेवढा वारा लागतो. या पट्ट्यात मास्तर कोपरं टेकवून जो निघाला, तो दिसेनासाच झाला. खरं सांगतो, अशी सायकल चालवताना मी कोणाला पाहिलं नाही. डोकं हालत नव्हतं, नुसते पाय फिरत होते. मी मागून धापा टाकत एकटाच हसत होतो.

लोधीखेड्याकडं आत वळल्यावर रस्ता लहान होतो. तिथं तो माझी वाट पाहत थांबला होता. पुन्हा सोबत निघालो, उतार लागला, आणि शेताच्या वाटेनं कापसाचा ट्रॅक्टर आडवा आला. मी ब्रेक दाबून ओरडलो. मास्तरनंही दाबला. पुढचं चाक जागीच थांबलं, मागचं फिरतच राहिलं, सायकलचं ढुंगण वर उचललं गेलं आणि मास्तर खांद्यावर आपटून कडेच्या गवतात गेला.

फार लागलं नाही. कोपर सोललं, जॅकेट फाटलं. ट्रॅक्टरवाला उतरून आला, "मास्तर, तुम्ही व्हय का जी?" म्हणत त्यानंच उचलून बसवलं. सायकलचीही एक मूठ तेवढी वाकडी झाली. पण मागचं चाक फिरत राहिलेलं मी ऐकलं होतं, आणि सकाळपासून तो खट्ट आवाज न येणंही आता मला ऐकू येत होतं.

लोधीखेड्याला एका चहावाल्याच्या बाकावर बसलो. त्यानं हळद आणि पाणी दिलं. सायकल मी मास्तरच्या समोर धरली.

"मास्तर, डावा ब्रेक दाब."

"राहू द्या ना भाऊजी."

"दाब म्हणतो ना."

त्यानं डावा हात खिशातून काढला. बोटं ब्रेकवर ठेवली. बोटं आली, गुंडाळली, थोडी थरथरली. ब्रेक हालला नाही. अंगठ्याखालचं मांस, जिथं हात फुगीर असतो, तिथं खड्डा पडला होता.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. डस्टर पडाले लागलं हातातून. पोरं उचलून देत. मले वाटलं, सायकलनं नस दबली असन."

"डॉक्टर?"

"नागपूरले जाऊन आलो. दोघाइले दाखवलं. नसा सुकून राहिल्या म्हणतात. औषधानं थोडं हळू होते. थांबत नाही." तो चहाच्या ग्लासाकडं बघत बोलत होता, वर्गात उदाहरण सोडवून दाखवावं तसा. "उजवा बी जाईन. पाय बी. कोणतं आधी ते नाही सांगता येत म्हणे."

चहावाला भांडी घासायला लागला, आवाज करून. समजदार माणूस होता.

"अन् वर्षभर एवढा पळत काहून होता मग?"

"म्हणूनच," मास्तर म्हणाला.

संत्र्याचं एक आहे. झाड आतून वाळायला लागलं की शेवटच्या बहाराला ते लदबदून येतं. पानं विरळ होतात, म्हणून फळं आणखीच जास्त दिसतात. नवा व्यापारी तिथं हमखास फसतो. मी कितीतरी जणांना धुऱ्यावर उभं करून हे शिकवलं आहे: खूप माल दिसला की खाली वाक, बुंधा बघ. मास्तरच्या हाताची लांबी मी इंचभर न चुकता सांगितली होती.

"पोहणं?" मी विचारलं.

"सुटलं. एका हातानं मारलं की गोल फिरतो मी. तलावात गाळ झाला म्हणून तुमाले सांगितलं होतं." मग म्हणाला, "घरी बायकोले माहीत आहे. ताईले नका सांगू. कुठं तरी एक मोठं अंतर, नुसतं सायकलचं का होईना, करतो मी हिच्यावर. मग मीच सांगीन. शब्द द्या."

मी मॅडमना फोन लावला. रविवार असून उचलला. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, दोन्ही ब्रेक एकाच उजव्या मुठीवर आणता येतात. पुढं एकच चकती ठेवायची, म्हणजे डाव्या हाताला काम राहत नाही. मग विचारलं, "किती दिवस चालवायची आहे त्यांना?"

बाजारात मला कोणी आकडा विचारला आणि मी गप्प बसलो असं आजवर झालं नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "करू. पण काका, या वेळी माणूस आणा."

मास्तर माझ्याकडं बघत होता. शब्द मी दिला नाही. दिला असता तर पाळावा लागला असता.

परत सौंसरपर्यंत मी पुढं, तो मागं. पहिल्यांदाच. हळू चालवायचं आणि उताराला आधीच उतरून सायकल हातात धरायची असं ठरलं. पूर्ण रस्ता मी कान मागं लावून होतो. त्याच्या चाकाचा आवाज येत राहिला की बरं वाटायचं. ट्रक गेला आणि आवाज बुडाला की वळून बघायचो. "आहो जी, आहो," तो मागून म्हणायचा.

जेवण त्याच्या घरी झालं, पण कोणी फार खाल्लं नाही. सायकल त्याच्या वऱ्हांड्यात ठेवली. मी माझी सायकल बसच्या टपावर टाकून पांढुर्ण्याला परतलो. सौंसरहून बस मिळते, कंडक्टरशी आधी गोड बोलून घ्या, दोरी स्वतःची ठेवा. खिडकीतून तेच बगीचे उलट्या क्रमानं गेले. जिथं जिथं लदबदलेलं झाड दिसलं तिथं मी नजर काढून घेतली.

सुनंदा वाट बघत होती.

"बसली का त्याले बरोबर, सायकल?"

"बसली. इंचभर इकडं-तिकडं नाही."

"मग तुमचं तोंड काहून पडलं?"

मी सांगितलं. जेवढं ऐकलं तेवढं सगळं. ती रडेल असं वाटलं होतं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि स्वतःच्याच उजव्या मनगटाकडं बघत राहिली.

"भाऊबीजेले आला होता ना," ती म्हणाली. "ओवाळाच्या आधी उजवा हात पुढं केला त्यानं. म्हणे, ताई, बाहीचं बटन लावून दे. उजव्या बाहीचं. मी म्हटलं, एवढा मास्तर झाला अन् बटन लावता येत नाही, बायकोनं लाडावून ठेवला. किती हसली मी त्याले. तोबी हसला."

मग उठली, कपाट उघडलं. त्याच्यासाठी घेऊन ठेवलेलं शर्टाचं कापड काढलं, मांडीवर पसरून हातानं सारखं केलं.

"उद्या पहिल्या बसनं जाते मी सौंसरले," ती म्हणाली. "अन् हे शिंप्याकडं टाकते. अर्ध्या बाहीचं शिवाले सांगते."

बाहेर थंडी होती.